शेजारच्या सीटवरचा ब्रेक

१० जून

अहो,

पत्र बघून दचकू नका. कुणी गेलेलं नाही. जायचं ते माणूस तीन वर्षांपूर्वी गेलं.

फोन करता आला असता, पण फोनवर तुम्ही गप्प बसता आणि तुमचं गप्प बसणं मी पुष्कळ ऐकलंय. भाऊजींकडे राहायला गेल्यापासून तर तुम्हाला त्याचा चांगलाच सराव झाला असेल. पंपांच्या मोटारींच्या कॉइल गुंडाळताना बोलावं लागत नाही म्हणे.

आधी कामाचं सांगते. आपलं ड्रायव्हिंग स्कूल मी बंद केलं त्याला आता दीड वर्ष होईल. आपल्या खारूच्या नावाची पाटी उतरवून माळ्यावर ठेवली आहे, जुन्या चादरीत गुंडाळून. गाडी विकली. मी स्टेडियमजवळच्या मोठ्या स्कूलमध्ये नोकरी धरली. जाऊबाई म्हणतील, या वयात नोकरी? त्यांना सांगा, माझा चष्मा अजून त्यांच्यापेक्षा पातळ आहे.

आपलं चांगलं चालणारं स्कूल बंद करून दुसऱ्याच्या दारात का गेले, हे तुम्ही विचारणार नाही. तरी सांगते. मोठ्या घरांतली मुलं तिथे शिकायला येतात. खारू गेली त्या दिवशी त्याच्याकडे लायसन्स नव्हतं, म्हणूनच तर ड्रायव्हरला पुढे करावं लागलं. ज्याच्याकडे लायसन्स नाही त्याला ते कधीतरी काढावंच लागतं. मी वाट बघत बसले. सोमवारी तो आला.

मला तो ओळखत नाही. कोर्टात तुम्ही जात होता, मी इथे क्लास चालवत होते. शिवाय तेव्हा माझे केस काळे होते.

मी त्याला चिरंजीव म्हणणार आहे. ठेकेदारांचे चिरंजीव. त्याचं नाव लिहायची माझी इच्छा नाही.

हे मी तुम्हाला कळवते आहे. विचारत नाही.

* * *

२४ जून

अहो,

तुमचं उत्तर नाही. असू दे. मी लिहीत राहते.

चिरंजीव शिष्ट नाहीत, याचा मला राग येतो. मी दरवाजे आपटणारा, च्युइंगम चघळणारा, मोबाइलवर हसणारा मुलगा डोळ्यांसमोर धरून बसले होते. हा वेळेवर येतो. "गुड मॉर्निंग, मॅडम" म्हणतो. परदेशात नोकरी लागली आहे, तिथे गाडीशिवाय चालत नाही म्हणून शिकायचं आहे. उंच आहे, एवढा उंच की बसताना मान आधी आत घालतो आणि मग उरलेला माणूस.

त्याच्या वेळेला मागच्या सीटवर एक नर्सबाई असतात. पद्धत तीच आहे, एकाची पाळी चालू असताना दुसऱ्याने मागे बसून बघायचं. नर्सबाई म्हणजे तोंडाचा पट्टा. उंची माझ्या खांद्याला. काल त्यांची पाळी आली तर सीटवर बसून पाय हवेत.

"बाई, हा पोरगा बसून उठला की सीट पार पुढच्या गावाला गेलेली असते!"

"पुढच्या नाही, मागच्या," मी म्हटलं.

"कुठल्या का गावाला असेना, मला पेडलपर्यंत जायला रिक्षा करावी लागते. ए ताडमाडा, उठताना सीट पुढे सारून ठेवत जा की! आई-बापांनी काही शिकवलं नाही का?"

चिरंजीव लाजून हसले. मी हसले नाही. सीट. तुम्हाला सांगायला नको मी का हसले नाही ते.

आता मी काय करते आहे ते ऐका. आपल्या गाडीला शेजारच्या सीटखाली क्लच आणि ब्रेक होता, तसा इथेही आहे. मी नवीन असताना तुम्ही मला पहिलाच नियम सांगितला होता: "पाय ब्रेकवर तयार ठेव, पण लावू नकोस. तू लावलास की तो शिकत नाही. त्याला वाटतं गाडी त्यानेच थांबवली." किती वर्षं मी तो नियम पाळला. शिकणाऱ्याला घाम फुटला तरी शेवटच्या क्षणापर्यंत पाय लावला नाही.

चिरंजीवांच्या बाबतीत मी उलट करते. ते ब्रेक दाबायचा विचार करतात तेव्हा मी दाबून मोकळी झालेली असते. हळूच, मऊ, की त्यांना कळतही नाही. सिग्नल आला, गाडी थांबली. गाय आडवी आली, गाडी थांबली. प्रत्येक वेळी ते माझ्याकडे बघतात आणि मी म्हणते, "छान."

त्यांचा पाय काही शिकलेला नाही. मी शिकू दिलेलाच नाही. परीक्षेला माझ्याच गाडीतून बसतील, मी शेजारी असेन, पास होतील. आणि मग एक दिवस स्वतःची मोठी गाडी घेऊन रस्त्यावर जातील, आणि शेजारच्या सीटवर कुणी नसेल.

मला काहीही करावं लागणार नाही. फक्त चांगलं शिकवलं नाही, एवढाच माझा गुन्हा. त्यासाठी कुठल्या कायद्यात कलम आहे ते वकिलांनी शोधावं.

* * *

८ जुलै

अहो,

कार्ड मिळालं. दोन वर्षांनी पहिल्यांदा तुमचं अक्षर बघितलं, आणि त्यात दोन ओळी. "गाडी फक्त चालवणाऱ्याला मारत नाही. हे तुला तरी सांगायला नको."

मला उपदेश करायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

थांबा. तुम्हाला सगळं आठवतं का ते बघू. मी तिथे नव्हते, पण तुम्हीच एकदा घरी येऊन, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून मला सांगितलंत, आणि तेव्हापासून ते तुमच्यापेक्षा मलाच जास्त पाठ आहे.

खारू बॅडमिंटन खेळून परत येत होती. गोदामांच्या रस्त्यावर पांढरे पट्टे ओलांडत होती. गाडीने उडवलं. तुम्ही आपल्या स्कूलमधून धावत पोचलात तेव्हा ती रस्त्यावर पडली होती, ठेकेदारांची गाडी रस्ता अडवून आडवी उभी होती आणि त्यांचा ड्रायव्हर तिच्या शेजारी उभा राहून "मी चालवत होतो, मी चालवत होतो" असं कुणी न विचारता सांगत होता. पलीकडे ॲम्ब्युलन्स अडकली होती. हवालदाराला तसली ऑटोमॅटिक गाडी येत नव्हती. तो ओरडला, "कुणाला येते का चालवायला?" आणि तुम्ही आत बसलात.

बसलात, आणि काय केलंत? सीट पुढे ओढलीत. आरसा नीट केलात. पट्टा लावलात.

तुमची मुलगी रस्त्यावर पडली असताना तुम्ही सीटबेल्ट लावलात. जन्मभर शिकवलेला धडा. सीट, आरसा, पट्टा. मग किल्ली.

तेवढा वेळ गेला नसता तर ती वाचली असती असं डॉक्टर म्हणाले नाहीत. मीही म्हणत नाही. मी एकदाच म्हटलं, आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी बॅग भरलीत.

पण खरी चूक ती नव्हतीच. सीट तुम्हाला पुढे का ओढावी लागली? कारण ती पार मागे होती. तुमचा पाय पेडलला पोचत नव्हता. तो ड्रायव्हर तर तुमच्याच चणीचा. त्या सीटवर बसून त्याने गाडी चालवली असती तर त्यालाही पाय लांब करून घ्यावे लागले असते. त्या सीटवर कुणीतरी उंच माणूस बसून गेला होता, हे त्या क्षणी जगात फक्त तुम्हाला माहीत होतं. आणि तुमच्याच हाताने ते पुसलं गेलं. नंतर पोलिसांनी फोटो काढले. कोर्टात ते फोटो दाखवून त्यांचा वकील म्हणाला, सीट बघा, आरोपीच्या उंचीला बरोबर जुळते. न्यायाधीशांनी मान डोलावली. ड्रायव्हरला थोडे महिने मिळाले. ठेकेदारांच्या घरात तेवढा उंच एकच, पण चिरंजीवांचं नाव कागदावर आलंच नाही.

तुम्ही पोलिसांना सीटचं सांगितलंत. त्यांनी जबाबात लिहिलं: "गाडी बाजूला घेतली." बस, एवढंच. सरकारी वकील म्हणाले, ते सीटचं कोर्टात काढू नका, बापानेच पुरावा बिघडवला असं होईल. तुम्ही ऐकलंत. मोठ्या माणसाने सांगितलं की तुम्ही ऐकता. लग्नात भटजींनी बसा म्हटलं तेव्हापासून बघते आहे.

म्हणून म्हणते, मला उपदेश करू नका.

पण तुमची ओळ खरी आहे, आणि मला त्याचाच जास्त राग आला. त्याच्या गाडीपुढे त्याचा बाप थोडाच येणार आहे? दुसऱ्या कुणाची तरी खारू येईल. हे मला सुचायला हवं होतं. सूड घ्यायला बसलेल्या माणसाचं डोकं एका बाजूने चालतं.

तेव्हा तो बेत मी सोडला. दुसरा आहे.

* * *

१९ जुलै

अहो,

तुमचं कार्ड पुन्हा आलं. "नोकरी सोड आणि इकडे ये." भाऊजींच्या घरी येऊन मी काय करू? जाऊबाईंच्या चष्म्याला फडकं मारू?

परवा परीक्षा आहे. उद्या शेवटचा धडा. गोदामांचा रस्ता सध्या निम्मा बंद आहे, पलीकडे नवा रस्ता झाल्यापासून तिकडे कुणी फिरकत नाही. मी दोनदा जाऊन बघून आले. उतार संपतो तिथे जुन्या गोदामाची दगडी भिंत आहे. सरळ, उंच, भक्कम. आत कुणी राहत नाही, बाहेर कुणी बसत नाही. उताराला गाडी आपोआप वेग घेते. वळायच्या आधी ब्रेक लावावाच लागतो.

मी फक्त पाय मागे घ्यायचा आहे. तुमचाच नियम. पाय लावू नकोस.

मी शेजारी असणारच. तो हिशोब मी मांडलेला आहे, त्यात तुम्ही पडू नका. नर्सबाईंची उद्या ड्यूटी आहे, त्या येणार नाहीत. मीच मालकांना सांगून त्यांची वेळ बदलून घेतली.

कपाटाची किल्ली शेजारच्या शिंपिणीकडे आहे. खारूच्या रॅकेटा कुणाला देऊ नका.

* * *

२२ जुलै

अहो,

मी आहे. तो पण आहे.

जसं झालं तसं लिहिते. तुम्हाला वाचायला त्रास झाला तरी वाचा.

परवा सकाळी चिरंजीव सीटवर बसले, सीट मागे सारली, आरसा, पट्टा. हे मात्र मी त्याला नीट शिकवलं आहे. एवढ्यात मागचं दार धाडकन उघडलं आणि नर्सबाई आत.

"ड्यूटी बदलली! मेट्रन म्हणाली, जा बाई, तू नसलीस तर वॉर्ड जरा शांत तरी राहील."

"आज तुमचा धडा नाही," मी म्हटलं.

"नसू दे. बघायला तर बसते. याचं गिअर टाकणं बघितल्याशिवाय माझी सकाळ जात नाही."

उतरवणार कशी? मी म्हटलं चला. खोटं बोलत नाही, त्या क्षणीही मी भिंत डोक्यातून काढली नव्हती. वाटलं, त्यांना वाटेत कुठेतरी उतरवू. चहाला, पाण्याला, कशालाही. त्या कुठल्या उतरतात.

गोदामांच्या फाट्याला मी म्हटलं, "डावीकडे घे."

तो थांबला. म्हणजे गाडी मी थांबवली. "मॅडम, या रस्त्याने नको."

"का?"

"असंच."

"परीक्षेत साहेब तुला विचारून रस्ता निवडणार आहेत का? घे डावीकडे."

त्याने घेतलं. स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून. नर्सबाई मागून म्हणाल्या, "अरे, रस्ता आहे, वाघ नाही." उतार लागायच्या आधी ते पांढरे पट्टे येतात. आता विटले आहेत. एक म्हातारे गृहस्थ सायकल हातात धरून, इकडे तिकडे न बघता, पट्ट्यांवर उतरले.

मी पाय मागे घेऊन बसले होते. सराव म्हणून. भिंतीपाशी चुकायला नको म्हणून.

गाडी हळू व्हायच्या ऐवजी पुढे झेपावली. मी त्याच्या पायाकडे बघितलं. तो जीव खाऊन दाबत होता, ॲक्सिलरेटर. त्याला वाटत होतं तो ब्रेक आहे. तोंडाने "थांब, थांब" म्हणत होता आणि दाबतच होता.

माझा पाय गेला. मी नेला नाही, गेला. त्या म्हाताऱ्यांच्या सायकलच्या चाकापासून हातभर अंतरावर गाडी उभी राहिली. नर्सबाई पुढच्या सीटवर आपटल्या. म्हातारे आमच्याकडे बघून, "झोपलाय का रे?" म्हणून निघून गेले.

चिरंजीव स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसले. मग म्हणाले, "त्या दिवशीही असंच झालं. ब्रेकच दाबतोय असं वाटत होतं मला."

विचारलं ते नर्सबाईंनी.

"कुठल्या दिवशी रे?"

"इथेच. एक मुलगी होती. ड्रायव्हर शेजारी बसला होता, तो ओरडत होता, ब्रेक, ब्रेक. पण त्याच्या बाजूला असा ब्रेक नव्हता ना. त्याने मला उतरवलं आणि म्हणाला, पळ. मी पळालो. मागच्या गल्लीतून घरी गेलो."

"आणि मुलगी?"

तेव्हा मी बोलले.

"ती माझी होती."

इतक्या वर्षांत मी हे वाक्य मनात पुष्कळ घोळवलं होतं. त्याच्यानंतर काय काय बोलायचं तेही ठरलेलं होतं. त्यातलं एकही बोलले नाही. किल्ली काढून घेतली, उतरले, त्याच्या बाजूच्या खिडकीपाशी गेले आणि आत बघितलं. गुडघे वाकलेले, सीट पार शेवटच्या खाचेपर्यंत मागे. तुम्ही जे बघितलंत ते मी परवा पहिल्यांदा बघितलं.

तो "मॅडम, मॅडम" करत होता. मी म्हटलं, "रडायचं असेल तर घरी जाऊन रड. पळायची सवय आहेच तुला." तो खरंच पायी निघून गेला. त्याच गल्लीने.

नर्सबाई गाडीत तशाच बसून होत्या. शेवटी म्हणाल्या, "बाई, तुम्ही आज याला मारायला आणलं होतंत?"

मी म्हटलं, "हो."

"मग मी आले ते बरं झालं की वाईट?"

"अजून कळलेलं नाही."

त्या उतरल्या, पुढे येऊन बसल्या, आणि म्हणाल्या, "मी ऐकलंय. कुठे सांगायचं तिथे सांगेन. माझं तोंड बंद करणारा अजून जन्माला यायचाय, आमच्या मेट्रनलासुद्धा जमलं नाही."

* * *

५ ऑगस्ट

अहो,

ठेकेदारांचा फोन मालकांना गेला, मालकांनी मला काढून टाकलं. बरं झालं. चिरंजीव परीक्षेला बसले नाहीत, परदेशीही अजून गेलेले नाहीत.

मी वकील बदलले. आता एक वकीलबाई आहेत. गोड बोलत नाहीत, म्हणून मला आवडल्या. मी सगळं सांगितलं. भिंतीचंसुद्धा. त्या म्हणाल्या, "भिंतीचं मी ऐकलं नाही." मग म्हणाल्या, ड्रायव्हरचा खटला संपला असेल, पण या मुलावर खटला कधी चाललाच नाही, त्यामुळे दार पूर्ण बंद नाही. अर्ज करता येईल. होईलच असं नाही. त्यांचा वकील म्हणेल, घाबरलेला मुलगा गाडीत काहीतरी बरळला आणि दोन बायकांनी ऐकलं, त्यातली एक मयताची आई. नर्सबाईंचा जबाब चांगला आहे, पण एकटा पुरणार नाही.

"तो चालवत होता असं दाखवणारं दुसरं काही आहे का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, आहे. कॉइल गुंडाळतंय.

तेव्हा या. मी तुम्हाला माफ करावं म्हणून येऊ नका, ते होणार नाही. नवरा म्हणूनही येऊ नका, त्याचं मागाहून बघू. साक्षीदार म्हणून या. सीट कुठे होती हे बघणारे तुम्ही एकटे आहात. तीन वर्षं तुम्हाला वाटतंय की तुम्ही पुरावा पुसलात. पुसला नाहीत. तो तुमच्या पायात आहे. पाय पोचला नाही, हे तुमच्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही.

त्यांचा वकील तुम्हाला फाडून खाईल. विचारेल, आधी का बोलला नाहीत? सांगा, सरकारी वकिलांनी गप्प बसवलं. विचारेल, पोटची पोरगी रस्त्यात पडलेली असताना तुम्ही आरसा नीट करत बसलात? सांगा, हो. पट्टा लावलात? हो, लावला. कोर्टात लोक हसतील. हसू द्या. ज्या माणसाचा हात अशा वेळीसुद्धा आधी सीटकडे जातो, तो सीटबद्दल खोटं बोलणार नाही, हे तिथे एखाद्याला तरी कळेल. नाही कळलं तर नाही. पण या वेळी सगळं सांगा. मोठ्या माणसाने गप्प बसा म्हटलं तरी.

मला त्याला त्या पिंजऱ्यात उभा बघायचा आहे. वाकून, मान आधी आत घालून. त्याचा बाप बाकावर बसलेला असावा आणि मुलाच्या जागी दुसऱ्या कुणालाही उभं करता येऊ नये. एवढं दिसलं की पुढे न्यायाधीश काय करायचं ते करोत.

आणि त्यांनी पुन्हा फोटो बघून मान डोलावली, तर ती भिंत अजून जागेवर आहे. वकीलबाईंनी ऐकलं नाही, तुम्ही ऐका.

शनिवारच्या गाडीने निघा. भाऊजींना सांगा, कॉइल थांबतील. मी स्टेशनवर शिंपिणीची गाडी घेऊन येईन. गाडी तुम्ही चालवायची. हवा तेवढा वेळ घ्या, सीट ओढा, आरसा बघा, पट्टा लावा. मी काही बोलणार नाही. मी शेजारी बसेन आणि पाय मागे घेऊन बसेन.

तुमच्या बाबतीत तेवढं मला जमेल. त्याच्या बाबतीत मी अजून ठरवलेलं नाही.